उत्तरभागाची कसोटी : ‘झपाटलेला’च्या निमित्ताने

‘उत्तर’ हा संस्कृत शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. ‘नंतरचा’ हा एक अर्थ. ‘प्रश्नाला दिलेला जबाब’ हा दुसरा. भवभूतीने ‘महावीरचरिता’त रामकथा राज्याभिषेकापर्यंत आणली आणि ‘उत्तररामचरिता’त त्यापुढील सीतात्यागाची कथा सांगितली. दुसरे नाटक कथाक्रमाने नंतरचे आहे खरे. तथापि त्याची थोरवी क्रमात नाही. राज्याभिषेकाने जे सर्व सुटले असे वाटते, त्यातील राजधर्म व पतिधर्म यांचा विरोध ते उघडा करते. रसिकांनी भवभूतीची श्रेष्ठ कृती म्हणून याच नाटकाला मान दिला. उत्तरकृती ही पूर्वकृतीपेक्षा हीनच असावयाची, हा समज भारतीय परंपरेत तरी टिकत नाही.

विज्ञानकल्पित चित्रपटाच्या इतिहासातही हीच कसोटी लागू पडते. जेम्स व्हेल या दिग्दर्शकाचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ साली आला. त्यातील मानवनिर्मित प्राणी मुका आहे. त्याच दिग्दर्शकाच्या १९३५ सालच्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो एका अंध एकांतवासी वृद्धाकडून शब्द शिकतो आणि पुढे स्वतःसाठी सहचरी मागतो. पहिल्या चित्रपटाने जीव निर्माण करण्याचा अधिकार माणसाला आहे काय, असे विचारले होते. निर्माण झालेल्या जीवालाही काही मागावयाचे असेल, हे दुसऱ्याने त्यात घातले. म्हणूनच तो पहिल्याच्या तोडीचा, किंबहुना काहींच्या मते सरस, मानला जातो.

मराठी चित्रपटात अशा जोडीचा शोध घेतल्यास महेश कोठारे यांचे ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘झपाटलेला २’ (२०१३) हे चित्रपट सर्वांत निकटचे ठरतात. त्यांना रूढ अर्थाने विज्ञानकल्पित म्हणता येणार नाही, कारण तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो तो मंत्राने. परंतु कृत्रिम देह, त्यात शिरलेले मन आणि मोडता न येणारी एक अट, ही रचना विज्ञानकथेचीच आहे. ‘झपाटलेला’ ज्या अमेरिकन चित्रपटावर बेतला होता, त्या ‘चाइल्ड्स प्ले’ची (१९८८) नवी आवृत्ती २०१९ साली निघाली. तीत मंत्राची जागा कृत्रिम बुद्धिमत्तेने घेतली, तरी बाहुल्याचे भय कायम राहिले. यावरून ही गोष्ट सिद्ध होते.

१९९३ च्या चित्रपटातील अट भाषेशी निगडित आहे. बाहुला आपले रहस्य ज्याला प्रथम सांगतो, त्याच्याच देहात त्याला शिरता येते. म्हणजे बळी आणि पिशाच यांचे नाते उच्चाराने जुळते. मूळ अमेरिकन कथेतील लहान मुलाच्या जागी मराठीत बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला लक्ष्या आला. ही भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केली. बाहुल्यामागे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची कला होती, तर तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांची होती. जो माणूस आपला आवाज बाहुल्याला देऊ पाहतो, त्याचाच देह बाहुला मागतो. हा उलटा व्यवहार मूळ कथेत नव्हता. तो मराठी रूपांतराची स्वतंत्र कमाई होय.

बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी निधन झाले. उत्तरभागापुढे खरा पेच होता तो हा. चित्रपटाने लक्ष्याचा मुलगा पुढे आणला आणि आदिनाथ कोठारे यांनी ती भूमिका केली. लक्ष्या हयात नसल्याने बाहुल्याला आता त्याच्या मुलाचा देह हवा असतो. येथे अट बदलली. उच्चाराने जुळलेले नाते रक्ताने जुळू लागले. कथानकाची सोय झाली, परंतु बापाच्या कानी पडलेल्या रहस्याचे ऋण मुलाने का फेडावे, हा प्रश्न चित्रपटाने गांभीर्याने विचारला नाही. तो विचारला असता, तर अटीतील बदल हेच उत्तरभागाचे बळ ठरले असते.

त्याऐवजी भर राहिला तो तिसऱ्या मितीवर. चष्म्यातून बाहुला प्रेक्षकाच्या अंगावर येतो, हे नावीन्य निःसंशय होते आणि मराठी निर्मात्याने ते धाडस केले, याचे श्रेय नाकारता येत नाही. पण शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणी घरातील दूरचित्रवाणीच्या साध्या पडद्यावर हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. दुसऱ्यातील तिसरी मिती तेथे लोप पावते. पहिल्याचे मात्र काहीच उणे होत नाही, कारण त्याचे भय व हास्य दोन्ही बोलण्यात आहेत : बाहुल्याच्या धमकीत आणि लक्ष्याच्या अडखळत्या, कोणालाच खऱ्या न वाटणाऱ्या कैफियतीत.

सारांश, ‘झपाटलेला २’ हा पूर्वचित्रपटाच्या नंतरचा आहे. त्याला दिलेले उत्तर तो नाही. त्याने तात्या विंचूला नव्या पिढीसमोर आणले, हे त्याचे कार्य लहान नव्हे. तथापि पूर्वकृतीची स्मृती जागविणे आणि पूर्वकृतीने अनुत्तरित ठेवलेले बोलते करणे, ही दोन भिन्न कामे आहेत. व्हेलच्या मुक्या प्राण्याला दुसऱ्या चित्रपटात वाचा फुटली. मराठी बाहुल्याला वाचा आरंभापासूनच होती. त्याला नवे काही बोलावयास लावणे एवढेच शिल्लक होते.