तीन तारा आणि आठवा बिट

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मुखेडच्या एका कार्यालयात निराधारांच्या अनुदानाची यादी संगणकात अडकून पडली होती. सर्व्हरचा पडदा काळा, नेटवर्क बंद. बाहेर ओट्यावर बायका ताटकळत बसलेल्या. त्यांत माझी फुफीही होती. दुपारच्या एस.टी.ने नांदेडहून एक तरुण इंजिनियर आला. त्याने सोबत आणलेलं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, एका केबलने सर्व्हरच्या पाठीमागच्या सीरियल पोर्टाला जोडलं. पडद्यावर अक्षरं उमटली आणि नाव, पासवर्ड विचारू लागली. आम्ही बघतच राहिलो.

"चमत्कार नाही हा," तो म्हणाला. "ही मागची वाट आहे. सर्व्हर बसवतानाच ती करून ठेवावी लागते. अडल्यावर करू म्हटलं तर होत नाही."

या वाटेला सीरियल कन्सोल म्हणतात. तिचं मूळ संगणकाहून जुनं, थेट तारायंत्रात आहे. फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७०च्या दशकात पाच खुणांची तारलिपी तयार केली. पाच खुणांच्या ३२ जोड्या होतात, तेवढ्यात त्यांनी अक्षरं आणि आकडे बसवले. तारेचा वेग मोजायचं 'बॉड' हे माप त्यांच्याच नावावरून आलं. पुढे टेलिप्रिंटर आले. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. त्या काळी संगणकाशी बोलायला अशी टेलिटाइप यंत्रंच वापरत. म्हणून युनिक्स अजूनही टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतं.

जोडणीचं तत्त्व सोपं आहे. तीन तारा पुरतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी दोघांत सामाईक, तिला ग्राउंड म्हणतात. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला जोडायची. तोंडाला तोंड जोडलं तर कुणालाच काही ऐकू येत नाही. मग सर्व्हरला सांगून ठेवायचं की, या पोर्टाकडे कान ठेव, कुणी आलं की नाव विचार. युनिक्समध्ये हे काम 'गेटी' नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. सर्व्हर सुरू होतानाचे त्याचे निरोपही याच पोर्टावर पाठवता येतात. शेवटी दोन्ही टोकांचा वेग एक ठेवायचा, बहुधा सेकंदाला ९६०० बिट. तो जुळला नाही तर पडद्यावर नुसता कचरा येतो.

त्या दुपारी वेग जुळला होता. इंग्रजी स्वच्छ दिसत होतं. पण यादी उघडली आणि नावांच्या जागी आकडे, प्रश्नचिन्हं, तुटकी इंग्रजी अक्षरं आली. "दोन्ही टोकं सातवर आहेत," इंजिनियर पुटपुटला.

१९६३ साली आलेल्या अमेरिकन 'आस्की' संहितेला सात बिट पुरत. त्यांच्या १२८ जोड्यांत इंग्रजीचं सगळं काम भागे. आपल्या लिप्यांसाठी १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरलं. त्यात इंग्रजी खालच्या १२८ घरांत राहिली आणि देवनागरी वरच्या १२८ घरांत गेली. त्या वरच्या मजल्याचा जिना म्हणजे आठवा बिट. तो गाळला की प्रत्येक अक्षरातून १२८ वजा होतात. 'म'चा क्रमांक २०४. उरले ७६, म्हणजे इंग्रजी 'एल'. 'ड'चा १९१, उरले ६३, म्हणजे प्रश्नचिन्ह. आमच्या मुखेडचा शेवट त्या दिवशी प्रश्नचिन्हाने होत होता, तो असा.

समोरचं टर्मिनल मात्र देवनागरी जाणणारं होतं. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे नेलं. 'जिस्ट' नावाने ते ओळखलं जातं. यंत्र तयार होतं, यादीही शाबूत होती. वाट तेवढी एका बिटाने अरुंद होती. इंजिनियरने दोन्ही टोकांना साताचे आठ केले आणि यादी पुन्हा उघडली. नावं जागच्या जागी होती.

आपली तारसेवा २०१३ साली बंद झाली. सीरियल कन्सोल मात्र टिकून आहे. क्लाउडवरच्या सर्व्हरलाही तो आभासी रूपात देतात, कारण नेटवर्क बंद पडलं तरी आत शिरायला वाट लागते. इस्कीची जागा युनिकोडने घेतली. त्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं, आणि त्या तिन्हींत आठवा बिट लागतोच. म्हणून ही वाट करून ठेवताना इंग्रजी दिसलं की काम झालं असं समजू नये. मराठीचं एक नाव त्या तारेवरून आणून बघावं.

फुफीला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठा उठवण्याआधी तिने एवढंच विचारलं, "नाम है ना मेरा?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)