मावठ्याचे मूळ

पौष-माघात आकाश भरून यावे, दोन दिवस झिमझिम पाऊस पडावा आणि तिसऱ्या दिवशी हाडे गोठवणारी थंडी सुटावी, हा अनुभव आपल्यापैकी कोणालाच नवा नाही. हिंदीत याला महावट, माळव्यात मावठा आणि मराठीत मावठे म्हणतात. १९५६ साली राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेल्या माझ्या वडिलांच्या बोलण्यात हा माळवी शब्द लवकरच रुळला.

चार इमलीतील सरकारी घरात मावठा म्हणजे आम्हांला गरम भजी. शेतकऱ्याला मात्र गहू-हरभऱ्याचे भवितव्य. हलका पडला तर अमृत, गारा आल्या तर सर्वनाश. नोकरीच्या आरंभी मी गारपिटीचे पंचनामे करीत असे. एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, समुद्र एवढा दूर, पावसाळा कधीच सरला, मग हे येते कोठून? माझ्या तक्त्यात पीक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी असे रकाने होते. कारणाचा रकाना नव्हता. मी निरुत्तर झालो.

उत्तर डोक्यावर सुमारे बारा किलोमीटर उंचीवर होते. उष्ण हवेत उंचीबरोबर दाब सावकाश घटतो, थंड हवेत झपाट्याने. म्हणून जितके वर जावे तितका विषुववृत्ताकडील व ध्रुवाकडील दाबांतील फरक वाढतो. हवा थंड प्रदेशाकडे निघते, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावू लागते. जेथे हा फरक तीव्र, तेथे ताशी दीडशे ते तीनशे किलोमीटर वेगाचा अरुंद पट्टा तयार होतो. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेस उत्तर भारतावरून वाहते आणि भूमध्य समुद्राकडील आवर्ते, म्हणजे आकाशवाणीवरचे ‘पश्चिमी विक्षोभ’, आपल्याबरोबर आणते. प्रवाहाला दक्षिणेकडे खोल बाक पडला की वरची थंड हवा मध्य भारतापर्यंत पोहोचते, खाली समुद्राकडील बाष्प मिळते आणि मावठा पडतो.

या वाऱ्याचा शोध लागण्याची कथा विलक्षण आहे. जपानमधील तातेनो वेधशाळेचे वासाबुरो ओईशी यांनी आकाशात फुगे सोडून हा वेगवान वारा मोजला. जगाने वाचावे म्हणून १९२६ साली त्यांनी आपले निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापले. बाहेर ते जवळजवळ कोणीच वाचले नाहीत. १९४४ च्या नोव्हेंबरात टोकियोवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तोच वारा अनपेक्षितपणे भेटला आणि नेम चुकले. त्याच महिन्यापासून जपानने त्याच वाऱ्यावर सुमारे नऊ हजार बॉम्बवाहू फुगे अमेरिकेकडे सोडले. ‘जेट स्ट्रीम’ हे नाव रूढ झाले ते युद्धानंतर, रॉस्बी आणि त्यांच्या शिकागो येथील सहकाऱ्यांमुळे.

आपल्याकडे हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरातील ती इमारत पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. वरच्या हवेचे वेध वाढले तसा या वाऱ्याचा मान्सूनशी असलेला संबंध उलगडू लागला. हिमालयाच्या दक्षिणेचा प्रवाह उन्हाळ्याच्या अखेरीस तिबेटच्या उत्तरेस सरकतो आणि त्याच सुमारास मान्सून भारतात शिरतो, हे एम. टी. यिन यांनी १९४९ साली दाखविले. पुढे याच खात्यातील पी. कोटेश्वरम् यांनी, पावसाळ्यात दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा आणखी एक जेट प्रवाह असतो, हे १९५८ च्या निबंधात मांडले. तिबेटचे पठार उन्हाने तापणे हे त्याचे मूळ त्यांनी सांगितले. कालांतराने ते खात्याचे महासंचालक झाले.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत गारपिटीने उभी पिके झोडपली, तेव्हा मला तो वृद्ध आठवला. कारण कळल्याने त्याचा हरभरा वाचला नसता. पण उपग्रह आणि वरच्या हवेच्या वेधांमुळे आज अशा पावसाची सूचना काही दिवस आधी मिळते. ती त्याला समजेल अशा भाषेत वेळेवर पोहोचली, तर कापलेला गहू झाकता येतो. ओईशींचे आकडे अचूक होते. ते वाचकाला कळणाऱ्या भाषेत नव्हते, एवढेच.