दुसरा मालक : एका वेगवान गाडीचा इतिहास

वस्तूंचा इतिहास बहुधा त्यांच्या जन्मतारखांनी लिहिला जातो. कोणते यंत्र कोणी, कधी बाजारात आणले, हे नोंदवले की इतिहासकाराचे समाधान होते. ते यंत्र पुढे कोणाच्या हाती गेले, कसे झिजले, त्याने कोणाला काय दिले, हा भाग दंतकथांवर सोडून दिला जातो. साहित्याच्या अभ्यासकांना ही उणीव ओळखीची वाटेल. आपणही कितीतरी काळ लेखकाचा इतिहास लिहिला आणि वाचकाचा लिहायचा ठेवला. प्रस्तुत टिपणात आम्ही 'हॉट हॅच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या, वेगवान गाडीकडे तिच्या दुसऱ्या मालकाच्या बाजूने पाहू इच्छितो.

प्रथम जन्मकथा. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. त्या हिवाळ्यात पश्चिम जर्मनीत काही रविवारी खासगी गाड्या रस्त्यावर आणण्यास बंदी होती. वेगाचा उच्चार करणेही अशिष्ट वाटावे, असा तो काळ. अशा काळात वोल्फ्सबुर्ग येथे फोक्सवागनच्या काही अभियंत्यांनी, वरिष्ठांच्या फारशा उत्साहाविना, गोल्फ या साध्या कौटुंबिक गाडीचा वेगवान अवतार घडवला. १९७५ च्या सप्टेंबरात तो फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि १९७६ मध्ये विक्रीस आला. ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८०० किलो. कंपनीचा अंदाज ५,००० गाड्या खपतील असा होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आसनांवरचे चौकड्यांचे कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या कलावतीची कल्पना. त्या मूळच्या चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रकाम शिकलेल्या. फ्रान्समध्ये सिम्काने असा प्रयोग त्याआधीच केला होता. पण नाव झाले ते गोल्फ जीटीआयचे. १९८४ मध्ये प्यूजोची २०५ जीटीआय आली आणि हा प्रकार युरोपभर तरुणांच्या तोंडी झाला.

या गाडीचे मर्म तिच्या दुहेरीपणात आहे. आठवडाभर तिने मुलांना शाळेत सोडावे, भाजी आणावी. रविवारी सकाळी वळणावळणाच्या रस्त्यावर मालकाला वेगाचे सुख द्यावे. ज्याला दोन गाड्या ठेवणे परवडत नाही, त्याच्यासाठी ही एकात दोन. म्हणजे ही मुळातच बेताच्या ऐपतीच्या माणसाची चैन आहे. मात्र ज्यांच्यासाठी ती होती, त्यांपैकी अनेकांपर्यंत ती किंमत उतरल्यावर, दुसऱ्या वा तिसऱ्या हातीच पोहोचली. आणि येथेच मेख आहे. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. टायर, ब्रेक, टायमिंग बेल्ट यांना गाडी कितव्या हाती आहे हे ठाऊक नसते. विम्याचे तर उलटेच झाले. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकाअखेर या गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या. १९९१ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ब्लॅकबर्ड लीज या कामगार वसाहतीत चोरलेल्या वेगवान गाड्यांच्या कसरती रात्री गर्दीसमोर चालत. पोलिसांनी त्या थांबवू पाहिल्या तेव्हा दंगल उसळली. १९९२ मध्ये अशा चोरीसाठी वेगळा, कडक कायदा झाला. विम्याचे हप्ते इतके चढले की तरुणाला गाडी परवडे, पण विमा परवडत नसे.

परिणाम असा, की त्या पिढीतील बहुतेक गाड्या चोरीत, अपघातांत किंवा गंजून संपल्या. ज्या उरल्या, त्या बहुधा कमी चाललेल्या, झाकून ठेवलेल्या. आज त्यांनाच मोठी किंमत येते. जुन्या पुस्तकांच्या बाजारात पाने न फाडलेली, म्हणजे कोणीही न वाचलेली प्रत सर्वांत महाग असावी, तसा हा प्रकार आहे. जी गाडी खरोखर जगली, तिचा पुरावा भंगारात गेला. जी जगलीच नाही, ती इतिहासाची साक्षीदार ठरली.

आपल्याकडे हा प्रवाह उशिरा आणि बारीक धारेने आला. चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १०५ अश्वशक्तीच्या त्या गाडीला कर्मठ लोक या पंक्तीत बसवणार नाहीत. २०१५ मध्ये रांजणगावी बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. २०१६ मध्ये आयात केलेली पोलो जीटीआय आली, ती २६ लाखांच्या घरात. या तिन्ही आता नव्या मिळत नाहीत. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात विक्रीस आली, तेव्हा किंमत पन्नास लाखांच्या पुढे होती. मास्तरकीच्या पगारात हौस भागवायची, तर जुनी गाडी शोधणे ओघानेच आले.

आम्ही २०२१ मध्ये पुण्यात अशी एक शोधली : चाकणचीच, २०१५ सालची. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची एक स्वतंत्र भाषा असते. 'सिंगल हँड', 'डॉक्टरांची गाडी', 'फक्त हायवेला चाललेली'. ही विशेषणे जुन्या बखरींतील विशेषणांइतकीच सावधपणे वाचावी लागतात. आम्ही आरसी बुक पाहिले, सर्व्हिसच्या नोंदी पाहिल्या. २०१७ ते २०१९ ही दोन वर्षे कोरी होती. विक्रेते गृहस्थ म्हणाले, "मी तेव्हा परदेशी होतो, गाडी उभी होती." टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. येथे ते ३२१८ होते. उभ्या गाडीला २०१८ चे टायर कशाला? की दुकानात पडून असलेला माल नंतर बसवला? अंतर्गत पुराव्यावरून दोन्ही अर्थ लागत होते. पोथीत मधली पाने गहाळ असावीत, तशी आमची अवस्था झाली.

जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. २००१ मध्ये त्याच विचाराला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीचे खरे रूप विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी संशयास्पद धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही. मग चांगल्या गाड्या बाजारातून उठतात आणि वाईट तेवढ्या उरतात.

आम्ही नेमके हेच केले. कोऱ्या दोन वर्षांपोटी पंचवीस हजार कमी करून मागितले. गृहस्थ काही क्षण गप्प राहिले आणि "बरं" म्हणाले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडीने पुढे चार वर्षांत आम्हांस एकदाही रस्त्यात सोडले नाही. ते खरे बोलत होते, असे आज वाटते. सिद्ध करता येत नाही. खरे बोलले असतील, तर आम्ही त्यांना खरेपणाचा दंड केला.

आता ती गाडी आम्ही विकावयास काढली आहे. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात, आमच्याच चुकीने, तिला खालून दगड लागला. ऑइल संप बदलला, काम चोख झाले. नोंद मात्र कुठेच नाही, कारण काम ओळखीच्या कारागिराने केले. पाहणाऱ्याला खाली वाकल्याशिवाय काही दिसणार नाही, आणि फार थोडे लोक वाकतात. घरात एक मत असे पडले, की विचारले तर सांगावे. पण न विचारता सांगितले, तर समोरचा माणूस त्याचा अर्थ काय लावील, हे आम्ही स्वतःवरून जाणतो. तो पंचवीस हजार कमी करील.

तरीही काल सर्व्हिसच्या वहीत शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून आम्ही दोन ओळी लिहिल्या : दगड कुठे लागला, काय बदलले. खाली सही केली. पुढच्या वाचकाला निदान हे एक पान तरी कोरे मिळू नये.