सुरतेतील पाद्र्यांचे मंदिर

सुरतेचे नाव निघाले की आपल्यासमोर १६६४ च्या जानेवारीतील ते दिवस उभे राहतात. महाराजांची स्वारी, पळून किल्ल्यात लपलेला सुभेदार, जळणारे बाजार, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. परंतु त्या धामधुमीत जिला अभय मिळाले अशी एक लहानशी वास्तू त्या शहरात होती. कपूचिन पंथाच्या फ्रेंच पाद्र्यांचे ते निवासस्थान. त्याच्याच जोडीला त्यांचे प्रार्थनामंदिर होते.

त्या वेळची सुरत धनाढ्य होती खरी, पण देखणी मुळीच नव्हती. जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो की, सर्वसामान्यांची घरे कुडाची, शेणमातीने लिंपलेली, कोठारासारखी असत, आणि साऱ्या शहरात चांगली बांधलेली घरे नऊ-दहाच होती. अशा शहरात कपूचिनांनी युरोपीय धर्तीचे ऐसपैस घर व सुंदर चर्च उभारले. या बांधकामाच्या खर्चाचा मोठा वाटा आपण उचलला, असे ताव्हेर्नियेच सांगतो. गंमत अशी की, हा गृहस्थ स्वतः प्रॉटेस्टंट होता आणि पाद्री रोमन कॅथलिक! त्यांच्या मायदेशी या दोन पंथांमध्ये रक्ताचे पाट वाहून गेले होते. शिवाय ती जागा पाद्र्यांच्या नावावर घेता येईना; ती घ्यावी लागली अलेप्पो येथील चेलेबी नामक मॅरोनाइट व्यापाऱ्याच्या नावावर. फ्रेंच संन्यासी, विरोधी पंथाच्या जवाहिऱ्याचा पैसा, सीरियातील व्यापाऱ्याचे नाव आणि मोगलांचे शहर, इतक्या गोष्टींच्या पायावर ते मंदिर उभे होते.

त्याचे प्रमुख फादर अँब्रोझ. हे पाद्री सज्जन आहेत, यांना उपद्रव देऊ नये, अशी महाराजांनी ताकीद दिल्याचे बर्नियेने लिहून ठेवले आहे. बर्निये त्या दिवशी सुरतेत नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण तो मोगल दरबारातील दानिशमंद खान या उमरावाच्या पदरी होता. महाराजांची भलावण करून त्याला काही मिळावयाचे नव्हते. शिवाय त्याने आणखी एक हकीकत दिली आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानधर्म करीत असे म्हणून, लुटीतून वगळण्यात आले. या दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे उघड होते की, येथे पाहिला गेला तो माणसाचा लौकिक. त्याचा धर्म कोणता, हा प्रश्नच आला नाही.

इंग्रजांचे मंदिर याहून वेगळे. ते वखारीच्या आतच होते. तेथील धर्मोपदेशक एस्कॅलियट याने त्याच जानेवारीत इंग्लंडमधील सर टॉमस ब्राउन यांना पाठविलेले पत्र आपल्या इतिहासाचे एक साधन होऊन बसले आहे. पुढे १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा पाद्री सुरतेस आला. तो म्हणतो की, वखारीतील प्रार्थनागृह नीटनेटके व गंभीर होते, परंतु मुसलमानांचे मन दुखावू नये म्हणून त्यात एकाही सजीवाची आकृती ठेवलेली नव्हती.

मंदिराच्या बाबतीत असा संकोच करणारे हे व्यापारी थडग्यांच्या बाबतीत मात्र कमालीचे मोकळे झाले. कतारगाम दरवाजाबाहेरील इंग्रजी स्मशानात ऑक्झिंडेन बंधूंची समाधी पाहावी. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ साली वारला. थोरला सर जॉर्ज, १६६४ साली वखार राखणारा प्रेसिडेंट, १६६९ साली वारला. सुमारे ४० फूट उंच, २५ फूट व्यासाची ही दुमजली इमारत आहे. जाड खांब, एकावर एक दोन घुमट, आत सज्जे आणि वर जाण्यास जिना. दुरून पाहणाऱ्यास हा एखाद्या मोगल उमरावाचा मकबराच वाटावा. खाली ख्रिस्ती लॅटिन लेख आणि वर इस्लामी घुमट! स्थानिक गवंड्यांना जे बांधता येत होते आणि शहरात ज्याला मान होता, तेच या परक्यांनी पत्करले असावे. याच घराण्यातील हेन्री ऑक्झिंडेन १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर हजर होता.

डचांनीही या चढाओढीत कसूर केली नाही. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड १६९१ साली मुंबईनजीक समुद्रात वारला. सुरतेतील त्याची घुमटाकार समाधी इंग्रजांना मागे टाकण्याच्या ईर्ष्येनेच बांधली की काय, असे वाटते. आणखी एका खुशालचेंडू डच अधिकाऱ्याच्या थडग्यावर मद्याची तीन मोठी पात्रे बसविलेली ओव्हिंग्टनने पाहिली होती. मित्रमंडळी तेथे जमून त्याची आठवण काढीत, ती इतकी की अखेर त्यांना स्वतःचेच भान राहत नसे!

ख्रिस्तोफरच्या थडग्यावरील लेख मात्र अस्सल सुरती आहे, कारण तो हिशेबाच्या भाषेत लिहिलेला आहे. कारकुनाने वर्षांचा नव्हे, केवळ दिवसांचा जमाखर्च मांडला आणि मृत्यूने अचानक वही तपासावयास मागितली, असा त्याचा आशय आहे. धन्यांनी गमावला तो नोकर, सोबत्यांनी गमावला तो सोबती, आणि मृताच्या नावे जमेच्या बाजूस नफा मांडलेला आहे.