जुना संच का टिकतो?

जुना रेडिओ संच सोडायला तयार नसलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, लोक हळवा म्हणून मोकळे होतात. अमेरिकी आणि जपानी संचांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा शेरा अन्यायाचा वाटतो. संच किती वर्षे चालला हे त्याच्या वयावर ठरलेले नाही. मालकाला तो स्वतः उघडता येतो का आणि बिघडलेला भाग कुठून तरी मिळतो का, यावर ते ठरले. आयोवातल्या कॉलिन्स कंपनीने १९५९ साली केडब्ल्यूएम-२ हा संच आणला. त्याच्या प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्यात ६१४६ जातीचे दोन व्हॉल्व्ह होते. हा व्हॉल्व्ह मोटारींत बसवायच्या वायरलेस संचांतही लागत असे, त्यामुळे तो दीर्घकाळ तयार होत राहिला. जपानच्या याएसू कंपनीचा एफटी-१०१ हा १९७०च्या सुमाराचा, म्हणजे दशकभराने नवा. त्यात बहुतेक कामे ट्रान्झिस्टरकडे होती. शेवटच्या टप्प्यात मात्र ६जेएस६ हा रंगीत टीव्हीसाठी घडवलेला व्हॉल्व्ह होता. टीव्हीमुळे तो तेव्हा स्वस्त आणि मुबलक होता. पुढे टीव्हीतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले आणि हा साठा आटला. अडचणीत आला तो नवा संच! तरीही पुष्कळ एफटी-१०१ वाचले. बारा पिनांचे सॉकेट काढून तिथे आठ पिनांचे बसवायचे, जोडण्या बदलायच्या, बायस आणि न्यूट्रलायझेशन पुन्हा जुळवायचे, की तोच संच ६१४६वर चालतो. हे जमते, कारण पुस्तिकेत पूर्ण सर्किट छापलेले असते आणि आत हात घालायला जागा असते. आजच्या संचात एखादी खास चिप गेली आणि कंपनीने ती पुरवणे थांबवले, तर बाकी सगळे धडधाकट असूनही संच निकामी होतो.

जुने संच बँडवर जास्त जागा अडवतात, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. एएम पद्धतीचा आवाज सुमारे ६ किलोहर्ट्झ व्यापतो, सिंगल साइडबँडचा त्याच्या निम्मा. तेव्हा एएमपुरते ते खरेच आहे. पण हा दोष पद्धतीचा आहे, वयाचा नाही. केडब्ल्यूएम-२ साइडबँडचाच संच होता आणि त्याच्या यांत्रिक फिल्टरची रुंदी २.१ किलोहर्ट्झ होती. गर्दीच्या बँडवर तो आजच्या संचापेक्षा जास्त जागा घेत नाही. धोक्याचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. केडब्ल्यूएम-२ला ८०० व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. तो आधी उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये. जुन्या संचाच्या प्रेमापोटी ही गोष्ट कुणी सौम्य करून सांगू नये. शिवाय २०१७मध्ये आलेल्या एफटी८सारख्या डिजिटल पद्धतीत काटेकोर स्थिर वारंवारता लागते, वाहकही सलग चालू राहतो. तापता तापता सरकणाऱ्या जुन्या संचाची तिथे दमछाक होते. ज्याला तेच काम करायचे आहे, त्याने नवा संच घ्यावा. बोलण्यासाठी आणि मोर्ससाठी मात्र जुना संच आजही पुरेसा आहे. तो बदलण्याआधी वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलून पाहावेत; पुष्कळदा दुखणे तेवढेच असते.