हौस, पोट आणि गोल्फचे मैदान

मराठीत म्हण आहे, हौसेला मोल नाही. हौस हा शब्द अरबीतल्या 'हवस'पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. उर्दूत हवस म्हणजे लालसा, हाव. मराठीत येता येता त्यातली हाव गळाली आणि निर्मळ आवड तेवढी उरली. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर' शब्दाच्या मुळाशीही 'प्रेम करणारा' असाच अर्थ आहे. म्हणून आपण त्याला 'हौशी' म्हणतो. गोल्फच्या इतिहासात मात्र हौसेला नेहमीच मोल होते. ते परवडणाऱ्याला सभ्य गृहस्थ म्हणत. ज्याला परवडत नसे, तो त्याच मैदानावर दुसऱ्याच्या काठ्या वाहत असे.

गोल्फ मौजेसाठी खेळावा की जिंकण्यासाठी, हा प्रश्न आज स्वभावाचा वाटतो. एखाद्याला रविवारची मोकळी हवा पुरेशी वाटते, दुसऱ्याला चषक हवा असतो. पण दीड-दोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्न स्वभावाचा नव्हता, तो ऐपतीचा होता.

स्कॉटलंडमध्ये 1457 साली राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागले होते. याचा अर्थ खेळ तोवर भलताच पसरला होता. पुढे तो हळूहळू सरदार-व्यापाऱ्यांच्या क्लबांभोवती गोळा झाला. 1744 साली एडिनबर्गच्या अशाच एका मंडळीने स्पर्धेसाठी 13 नियम लिहून काढले. त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून शिवलेला गोळा. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाला मोजकेच चेंडू होत, त्यामुळे ते महाग पडत. 1848च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू येईपर्यंत नियमित खेळणे हे श्रीमंतांचेच काम होते.

हे चेंडू शिवणारे, काठ्या घडवणारे, गवत राखणारे आणि साहेबांच्या काठ्या वाहणारे कॅडी, हेच पहिले 'व्यावसायिक'. सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा त्यांतला नामवंत. खेळात त्याची बरोबरी करणारे फार थोडे होते, पण त्याची ओळख चेंडू करणारा कारागीर अशीच होती. तो 1859 साली वारला. त्याच्यानंतर श्रेष्ठ कोण, हे ठरवण्यासाठी 1860 साली प्रेस्टविकला आठ व्यावसायिक एका दिवसात 36 होल खेळले. विली पार्क जिंकला. बक्षीस होते एक चामडी पट्टा, रोख काही नाही. 1863 साली 10 पौंड ठेवले गेले, पण तेही विजेत्याला नाही, मागच्या क्रमांकांना. आजच्या ओपन स्पर्धेचा जन्म असा झाला.

पुढच्या काळात हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली रेघ अधिकच जाड झाली. ब्रिटनमधल्या बहुतेक क्लबांत व्यावसायिकाला क्लबहाऊसमध्ये प्रवेश नसे. 1920 साली अमेरिकेचा वॉल्टर हेगन इंग्लंडमध्ये डील येथे ओपन खेळायला गेला, तेव्हा त्यालाही कपडे बदलायला आत जाता आले नाही. त्याने भाड्याने आलिशान गाडी आणली, ती क्लबसमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडोच्या इनव्हर्नेस क्लबने यूएस ओपनसाठी आलेल्या व्यावसायिकांना आपले दार उघडले. त्याची आठवण म्हणून खेळाडूंनी पुढे त्या क्लबला एक मोठे घड्याळ भेट दिले. दार उघडल्याबद्दल घड्याळ द्यावेसे वाटते, यावरूनच ते दार किती काळ बंद होते ते कळते.

हौशी म्हणून राहणेही गरिबाला सोपे नव्हते. फ्रान्सिस विमेट हा बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधला मुलगा, त्याच गावच्या मैदानावर कॅडी होता. सोळाव्या वर्षानंतर कॅडीचे काम केले तर अमेरिकेत खेळाडूचा हौशी दर्जा जाई, म्हणून त्याने ते काम सोडले. 1913 साली, विसाव्या वर्षी, त्याने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्रज दिग्गजांना हरवून यूएस ओपन जिंकली. त्याच्या काठ्या दहा वर्षांचा एडी लोवरी वाहत होता. तीन वर्षांनी विमेटचा हौशी दर्जा काढून घेण्यात आला. कारण काय, तर क्रीडासाहित्याच्या दुकानाशी त्याचा संबंध होता. 1918 साली तो दर्जा परत मिळाला.

हौशी परंपरेत चांगले काही नव्हते, असे नाही. बॉबी जोन्स हौशी म्हणूनच स्पर्धांत खेळला आणि 1930 साली त्याने एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. 1925च्या यूएस ओपनमध्ये त्याचा चेंडू किंचित हलला. कुणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून दंडाचा फटका लावून घेतला, आणि शेवटी स्पर्धा गमावली. हे मोठेपण खरेच आहे. पण जोन्स वकील होता. हरल्यावर त्याच्या घरची चूल विझणार नव्हती. प्रामाणिकपणा सभ्य गृहस्थांचा गुण मानला गेला. हरल्यास हात रिकामे राहणार हे ठाऊक असूनही सचोटीने खेळणाऱ्या कॅडीचे मात्र फारसे गोडवे गायले गेले नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत या रेघेला रंगाची जोड मिळाली. पापवा सेवगोलम हा डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी. त्याची काठी धरण्याची पद्धत उलटी, डावा हात खाली. त्याने 1959 आणि 1960 साली डच ओपन जिंकली. 1963 साली डर्बनमध्ये नाताल ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबहाऊसमध्ये जाता आले नाही. गोरे आत होते. विजेत्याने चषक बाहेर, पावसात घेतला. 1965 साली त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेयरला मागे टाकले. त्यानंतर देशातल्या स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. 1978 साली तो वारला.

भारतातही हा इतिहास दोन नावांत वाचता येतो. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब 1829चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. राष्ट्रीय खुली स्पर्धा, इंडियन ओपन, सुरू झाली ती 1964 साली. 1965 साली ती जिंकणारा पहिला भारतीय बिल्लू सेठी. तो हौशी खेळाडू होता. पुढचा भारतीय विजेता यायला 26 वर्षे लागली. 1991 साली दिल्ली गोल्फ क्लबवर अली शेर जिंकला. तो त्याच क्लबचा कॅडी होता. या मैदानाच्या आवारात लाल बंगला नावाची मुघलकालीन मकबऱ्यांची वास्तू आहे. ज्या हिरवळीवर तो दुसऱ्यांच्या काठ्या वाहत फिरला, तिथेच त्याने देशाचा चषक उचलला. 1993 साली पुन्हा तोच जिंकला.

2022पासून हौशी खेळाडूंचे नियम सैल झाले. आता प्रायोजक घेता येतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत रोख बक्षीसही चालते. दीडशे वर्षे पाळलेले सोवळे असे हलकेच उतरले.

म्हणून 'खेळ फक्त आनंदासाठी खेळावा' असे कुणी म्हणाले, की आधी एक बघावे : त्याचे पोट कशावर चालते? आनंद अली शेरलाही मिळत असेलच. पण त्याच्या आनंदाला हिशेब जोडलेला होता. त्या हिशेबामुळे त्याचे खेळावरचे प्रेम हवस ठरत नाही. तीही हौसच, फक्त तिचे मोल त्याने स्वतःच्या खांद्यावर वाहिले.