गोळा आहे, भाला आहे, खुर्ची कुठाय?

२०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ६ सेंटीमीटरनं. गावोगावी कौतुक झालं. पण बातमीत 'एफ ४६' लिहिलं होतं, ते काय असतं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यामागं पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात झाली ती दवाखान्यात. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं डॉ. लुडविग गुटमन उपचार करत होते. १९४८ ला लंडन ऑलिंपिक सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी १६ रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. १९६० ला रोमच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेक, भालाफेक आली. व्हीलचेअरची शर्यत आली १९६४ ला. अंध आणि हात-पाय गमावलेले खेळाडू आले १९७६ ला. माणसं वाढली तसे गटही वाढले.

आता हिशोब सोपा आहे. 'टी' म्हणजे धावणं आणि उडी, 'एफ' म्हणजे फेक. ११ ते १३ दृष्टीचे गट, २० बौद्धिक, तिशीतले आकडे सेरेब्रल पाल्सीसारख्या स्थितींचे, ४०-४१ कमी उंचीचे, ४२ ते ४७ हातापायांचे, पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे. खिलारींच्या एका हाताला शाळेत असताना सायकल अपघातात दुखापत झाली, म्हणून ४६.

यातही आपला जिल्हा जुना आहे. पेठचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट सारखी दिसते: माणसाला खेळात बसवण्यासाठी साहित्य बदललं. मूठ नीट वळत नाही, त्याच्यासाठी ३९७ ग्रॅमचा लाकडी क्लब आला. अंध धावपटू आणि सोबतचा गाईड यांच्या हातात एकच दोरी आली. उभं राहता येत नाही, त्याच्यासाठी फेकीची खुर्ची आली: लोखंडी चौकट, बैठक जास्तीत जास्त ७५ सेंटीमीटर उंच, धरायला दांडा, जमिनीला आवळायला पट्टे. नांदेडच्या भाग्यश्री जाधव अशाच बसून गोळा फेकतात. पॅरिसच्या उद्घाटनात तिरंगा त्यांच्याही हातात होता.

आणि आपल्याकडं? मी पाहिलेल्या मैदानांवर गोळा आहे, भाला आहे, फेकीचं वर्तुळही आखलेलं आहे. खुर्ची एकाही ठिकाणी दिसली नाही. बसून फेकणाऱ्या पोराला तिथं "तू बघत बस" एवढंच ऐकावं लागतं.

मंडळी, ही खुर्ची परदेशातून आणायची वस्तू नाही. मापं हातात दिली तर आपला वेल्डिंगवाला बनवून देईल. ग्रामपंचायत, नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. २०१६ च्या कायद्यात खेळाचं वेगळं कलमच आहे. मग त्या पैशातून एक खुर्ची का होऊ नये?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुम्हीही तुमच्या गावात विचारा. पदक आल्यावर फ्लेक्स लावायला आपण सगळ्यात पुढं असतो. खुर्ची मात्र त्याच्या कितीतरी आधी लागते.